गारवा-गाडीची दुसरी किल्ली

गाडीला कुणीही हात लावला नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलं की तुम्ही म्हणाल, कुणीतरी खोडी केली असणार. पण खोडी करायला तिथं होतं कोण? शाल्मली शेडच्या दारात हात मागे बांधून उभी होती. सरपंच मीनाताई सावली धरून भिंतीला टेकल्या होत्या. आणि शाल्मलीच्या आबाजींनी नुकतीच बॅटरीची सुटलेली तार परत जोडली होती. तार जोडली मात्र, गाडीचे वायपर आपोआप फिरायला लागले. मे महिना, आभाळात औषधालासुद्धा ढग नाही, आणि वायपर कोरड्या काचेवर खर्र खर्र करतायत. मग गाडीच्या दारातून आवाज आला, टक्. गाडीनं स्वतःच स्वतःला कुलूप लावून घेतलं.

मीनाताई मागे सरल्या. "सर, ही गाडी भंगारात देऊन टाकू या. लोक म्हणतात ते काही उगाच नाही."

"काय म्हणतात लोक?"

"हिच्यात काहीतरी आहे म्हणतात."

"आहेच. बिघाड आहे," आबाजी म्हणाले आणि त्यांनी तार पुन्हा काढली. वायपर काचेच्या मधोमध थांबले.

ही गोष्ट आजची नाही, तुम्ही मोठे व्हाल तेव्हाची आहे. चंद्रपूरकडचा उन्हाळा आजही काही कमी नाही, पण तेव्हा तो जीवच घ्यायला लागला होता. फार तापणार असलं की हवामान खातं 'लाल दिवस' जाहीर करायचं. अशा दिवशी म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना घरात ठेवायची सोय नव्हती. म्हणून मोहाडोंगरी गावानं अर्धं जमिनीखाली, जाड मातीच्या भिंतींचं शीतघर बांधलं होतं, आणि माणसांना तिथं पोचवायला ही विजेवर चालणारी गारवा-गाडी घेतली होती. ती चालवायचे शाल्मलीचे बाबा, सुमेध नगराळे.

एप्रिलातल्या पहिल्याच लाल दिवशी बाबांनी आधी आपल्या आईला, म्हणजे शीलाआजीला, गाडीत बसवलं. वाटेत नागोराव थूल नावाचे म्हातारे राहायचे. त्यांची गल्ली अरुंद, गाडी आत जाईना. बाबांनी एसी चालू ठेवला, दार नुसतं लोटलं आणि ते नागोरावांना आणायला गेले. नागोराव म्हणाले, "शेळीले सोडून मी येत नाही." बाबांनी समजावलं, विनवलं, शेवटी दटावलं. त्यात वेळ गेला.

परत आले तर गाडी कुलूपबंद. एसी बंद, काचा बंद, आणि आजी आत. ती पुढच्या सीटपर्यंत सरकलेली होती, म्हणजे तिनं भोंगा दाबायचा प्रयत्न केला असणार, पण भोंगाही वाजला नव्हता. बाबांनी किल्लीचं बटण दाबलं. तेव्हाच्या किल्ल्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असत, आणि दाराला किल्लीचं भोकच नसे; आतली मूठही विजेवरच चालायची. दार टक् करून उघडायचं आणि हाताला लागायच्या आत टक् करून परत बंद व्हायचं. शेवटी त्यांनी दगडानं काच फोडली. आजी दवाखान्यात गेली ती परत आली नाही.

अशा जागी गोष्ट सांगणारे घाईनं पुढे जातात. मला ते जमत नाही. शीलाआजी शाल्मलीची वेणी घालायची, ती गेल्यावर शाल्मलीनं कितीतरी दिवस कुणाला केसांना हात लावू दिला नाही. आजीच्या पदराला कायम वाळ्याचा वास यायचा. वाळा (एका गवताची सुवासिक मुळं, ओली केली की त्यातून येणारा वारा गार होतो) तुमच्या कूलरमध्ये असतोच. एसीच्या कोरड्या हवेनं आजीचं डोकं चढायचं, म्हणून आबाजींनी स्वतःच्या हातानं वाळ्याची एक छोटी ताटी विणून गाडीत हवा येते त्या जागी बसवली होती. रोज सकाळी एक तांब्या पाणी ते तिच्यावर आठवणीनं घालायचे. गावात सगळ्यांना ते कौतुकानं सांगायचेसुद्धा.

आजी गेल्यावर चौकशीला साहेब आले. त्यांनी गाडीच्या संगणकातली नोंद वाचली. त्यात स्पष्ट होतं: कुलपाचं बटण दाबलं गेलं. साहेब म्हणाले, उतरताना सवयीनं बोट लागलं असेल. "मी दाबलं नाही," बाबा म्हणाले. "आणि दार सारखं टक्-टक् करत होतं, ते कुणी का लिहून घेत नाही?" कुणी लिहून घेतलं नाही.

सगळ्यांचं सोडा, पण आबाजींनीही विश्वास ठेवला नाही. आबाजी, म्हणजे डॉ. सिद्धार्थ नगराळे, ही साधी असामी नव्हे. उपग्रहांतली इलेक्ट्रॉनिक यंत्रं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही, सुमेध. माणूस बोलतो." त्यानंतर ते मुलाशी बोललेच नाहीत. एकाच घरात राहायचे, आणि "बाबाला सांग, जेवण वाढलंय" असं शाल्मलीकरवी चालायचं. बाबा आधी ठणकावून सांगायचे, मी बटण दाबलं नाही. मग आवाज खाली आला. हल्ली कुणी विचारलं तर म्हणायचे, "दाबलंही असेल. आठवत नाही." गाडीची एक किल्ली मात्र ते अजून खिशात ठेवायचे.

शाल्मलीला एकच हवं होतं. आबाजींनी बाबांना एकदा म्हणावं, तू दाबलं नव्हतंस.

आता पुढच्या आठवड्यात पुन्हा लाल दिवस येणार होते, आणि दुसरी गाडी उन्हाळा संपायच्या आत मिळणार नव्हती. म्हणून मीनाताई आबाजींकडे आल्या होत्या.

"दुरुस्त करून देतो," आबाजी म्हणाले. "पण चालवायला दुसरं कुणी बघा."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत काम सुरू झालं. आबाजींनी शाल्मलीला मदतीला घेतलं, कारण शिकवल्याशिवाय त्यांना कुठलंच काम करता यायचं नाही.

"तू बटण दाबतेस आणि काच खाली येते. काच कोण खाली आणतं?" त्यांनी विचारलं.

"बटण."

"बटण नुसतं निरोप देतं. निरोप जातो इथं." त्यांनी डॅशबोर्डखालचं झाकण काढलं. पाय ठेवतात त्याच्या वर, आतल्या बाजूला एक काळा डबा होता, वहीएवढा, आणि त्याला तारांचे जाड जुडगे जोडलेले. "हा बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, काचा, वायपर, भोंगा, दारांची कुलपं, सगळं सांभाळणारा छोटा संगणक. प्रत्येक बटणाची तार याच्याकडे येते, आणि इथून प्रत्येक मोटरीला हुकूम जातो."

"म्हणजे हा बिघडला की सगळंच बिघडणार?"

"सगळंच. आणि एकाच वेळी. म्हणून लोकांना गाडी झपाटल्यासारखी वाटते."

बॅटरीची तार आदल्या दिवशीच काढलेली होती. "हे सगळ्यात आधी," आबाजींनी बजावलं. "आणि काढल्यावर लगेच हात घालायचा नाही. काही भागांत वीज थोडा वेळ साठून राहते. घरात मोठं कुणी नसताना तर मुळीच नाही." मग त्यांनी एकेक कनेक्टर (पुष्कळ तारांची टोकं एकत्र बसवलेली खोबण) कळ दाबून सोडवला आणि जुना डबा शाल्मलीच्या हातात दिला. नवा डबा आदल्या संध्याकाळी नागपूरहून ड्रोननं आला होता. तो जागेवर बसला, कनेक्टर लागले, बॅटरी जोडली.

शाल्मलीला वाटलं, झालं. कसलं काय. गाडी ढिम्म. आबाजींनी आपल्या खिशातली किल्ली दाबली तरी एक दिवा लागेना.

"हाही बिघडलेला आहे?"

"नाही. कोरा आहे. आपण कुठल्या गाडीत बसलो आहोत हेच त्याला माहीत नाही. हिला दारं किती, काचा विजेच्या का हाताच्या, काही ठाऊक नाही. ते सगळं शिकवावं लागतं." त्यांनी संगणक जोडून गाडीचा क्रमांक आणि माहिती नव्या डब्यात भरली. दिवे लागले. "आता किल्ल्यांची ओळख. ओळख नसलेल्या किल्लीनं गाडी सुरू होत नाही, नाहीतर कुणीही घेऊन जाईल. पण यात एक नियम आहे. शिकवणी चालू असताना जेवढ्या किल्ल्या समोर असतील तेवढ्याच हा आपल्या मानतो. जी नसेल ती कायमची परकी."

त्यांनी आपली किल्ली डॅशबोर्डवरच्या खुणेपाशी नेली.

"आबाजी, किल्ल्या दोन आहेत ना? एक बाबांकडे आहे."

"एक पुरे."

बाबांची किल्ली आता बाबांच्या खिशात दगडासारखी पडून राहणार, आणि बाबांना ते कुणी सांगणारही नाही. तिला रडू आलं, पण आबाजींपुढे रडून काही होत नाही हे तिला ठाऊक होतं. त्यांच्यापुढे चालतो तो प्रश्न.

"पण जुना डबा का बिघडला ते कुठं सापडलं?" ती म्हणाली. "कारण सापडल्याशिवाय नवा भाग बसवायचा नाही, हे तुम्हीच सांगता. नाहीतर हाही मरेल."

आबाजींचा हात थांबला. पोरीनं बरोबर नस पकडली होती. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि जुना डबा टेबलावर घेऊन त्याचे स्क्रू सोडवले.

झाकण उघडलं आणि वाळ्याचा वास आला.

डब्याच्या एका कोपऱ्यात, तारा आत शिरतात तिथं, तांब्याच्या टाचण्यांवर हिरवा थर चढला होता. त्या हिरव्या थरात एक बारीक तपकिरी काडी रुतून बसली होती, एका टाचणीपासून शेजारच्या टाचणीपर्यंत. काडी कसली, मुळाचा तंतू. शाल्मलीनं तो लगेच ओळखला. आजीच्या ताटीतून असे तंतू सुटून तिच्या फ्रॉकला चिकटायचे.

"वास कुठूनही येतो," आबाजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

शाल्मलीला आता गप्प बसता आलं असतं. आबाजींकडे बघून तिला तसंच वाटलं. पण मग तिला घरात भिंतीकडे तोंड करून पडलेले बाबा आठवले.

"आबाजी, या डब्याला बोट दिसतं का?"

"म्हणजे?"

"नोंदीत लिहिलंय, बटण दाबलं. पण याला डोळे कुठं आहेत? बोटानं दाबलं का दुसऱ्या कशानं, हे त्याला कसं कळतं?"

आबाजी हळू आवाजात, स्वतःलाच शिकवल्यासारखं बोलू लागले. "दिसत नाही. त्याला तारेतला विजेचा दाब (व्होल्टेज) तेवढा कळतो. बटण दाबलं की आत दोन तारा एकमेकींना टेकतात आणि दाब उतरतो. दाब उतरला, म्हणजे बटण दाबलं, एवढंच तो जाणतो. त्या दोन तारा दुसऱ्या कशानं टेकल्या, तरी तो तेच म्हणणार."

"मग करून बघू या."

त्यांनी टेबलावर छोटी बॅटरी जोडली. काहीच झालं नाही, कारण डबा उघडल्यापासून मे महिन्याच्या हवेत तंतू वाळून गेला होता. शाल्मली माठातलं पाणी आणायला निघाली तर आबाजी म्हणाले, "ते नको, त्यातले क्षार यंत्रानं काढलेले आहेत. बोअरचं आण. शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, त्यातून जाते." ताटीवर रोज घालायचे तेच पाणी. त्यांनी सुईच्या टोकानं एक थेंब तंतूवर ठेवला.

टक्.

डब्यातला रिले (विजेच्या बारीकशा इशाऱ्यावर मोठा प्रवाह सोडणारा स्विच) बोलला होता. कुणाचंही बोट कुठंही नव्हतं. आबाजींनी 'उघड'ची तार क्षणभर टेकवली. टक्, दार उघडलं असतं. आणि लगेच, टक्, परत बंद.

"टक्-टक्," आबाजी म्हणाले. "सुमेध सांगत होता. सगळ्यांसमोर सांगत होता."

मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी उरलेलं सगळं सांगितलं, शाल्मलीला आता ऐकायचं नव्हतं तरी. ताटीतलं जास्तीचं पाणी तारांवरून ओघळत डब्यापर्यंत पोचलं. रोज थोडं थोडं. कुलूप लागलं की मॉड्यूलला वाटतं, माणसं गेली. म्हणून त्यानं एसी बंद केला. काचांची आणि भोंग्याची तार त्याच ओल्या कोपऱ्यात. "मी तिला गारवा मिळावा म्हणून केलं होतं," ते म्हणाले. एवढंच दोनदा म्हणाले.

शाल्मलीनं त्यांचा हात धरला. त्यांना काय वाटत असेल याचा विचारसुद्धा तिला सोसवेना.

थोड्या वेळानं आबाजी उठले आणि अंगण ओलांडून बाबांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. बाबा धडपडून उठून बसले.

"सुमेध, तू कुलूप लावलं नव्हतंस. पाण्यानं लावलं." आबाजी म्हणाले. "आणि पाणी मी घातलं होतं. माझं चुकलं. तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, ते त्याहून मोठं चुकलं."

बाबा म्हणाले, "गाडीतली पायाखालची चटई ओली व्हायची. मी फडक्यानं पुसून टाकायचो. तुम्हाला बोललो नाही."

"का?"

"आईला तो वास आवडायचा. तुम्ही ताटी काढून टाकली असती."

आबाजी दाराच्या चौकटीला धरून रडले. त्यांना रडताना शाल्मलीनं कधी पाहिलं नव्हतं आणि तिला भीती वाटली. बाबा उठून त्यांच्याजवळ गेले. आजी त्यामुळे काही परत येणार नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं.

"किल्ली आण," शेवटी आबाजी म्हणाले.

गाडीत त्यांनी आधी बाबांची किल्ली खुणेपाशी धरली. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. मग स्वतःची धरली. नव्या डब्याला दोन्ही किल्ल्या ओळखीच्या झाल्या.

पुढचे दिवस तिघांनी मिळून काम केलं. फुटलेल्या काचेच्या जागी नवी बसली, वाळ्याची ताटी निघाली. डब्याला वर कोरड्या जागी हलवलं आणि तारांना वळसा असा दिला की पाणी ओघळलंच तर खाली टपकून जावं, आत शिरू नये. पण आबाजींचं तेवढ्यानं समाधान होईना. "डबा कितीही चांगला असो, कधीतरी फसणार," ते म्हणाले. "माणसाचा जीव एकाच डब्यावर टांगून ठेवायचा नाही." त्यांनी प्रत्येक दाराच्या आतून एक लाल दोरी बसवली. तिला वीज लागत नव्हती, संगणक लागत नव्हता. ओढली की खटका मागे सरकायचा आणि दार उघडायचं, बस. मीनाताईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, अशी दोरी सगळ्याच गावांच्या गाड्यांना लावायला हवी, मी जिल्ह्याच्या बैठकीत मांडते.

लाल दिवस उजाडला. गाडी शेडबाहेर काढली तेव्हा समोरच्या ओट्यावर बरीच म्हातारी माणसं जमली होती, पण चढेना कुणी. सगळे शीलाआजी बसली होती त्या मधल्या सीटकडे बघत होते.

आबाजी पुढे झाले आणि त्याच सीटवर जाऊन बसले. "दार लाव," त्यांनी मुलाला सांगितलं. बाबांनी लावलं. "आता कुलूप."

बाबांच्या हातात किल्ली होती, पण अंगठा काही हलेना.

"लाव बेटा. मी सांगतोय ना."

टक्.

काचेतून आबाजींचा हात वर गेलेला दिसला. त्यांनी लाल दोरी ओढली, आणि दार उघडलं.

आबाजी खाली उतरले नाहीत. थोडे सरकून त्यांनी शेजारी जागा केली. आधी एक म्हातारी चढली, मग एकेक करत बाकीचे. शाल्मली पुढं बाबांच्या शेजारी बसली आणि गाडी नागोराव थूलांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली. नागोराव दारातच उभे होते, शेळीचं दावं हाताला गुंडाळून.

"शेळीले सोडून मी येत नाही," ते म्हणाले.

"तिलाही घ्या काका," बाबा म्हणाले आणि त्यांनी दार उघडलं.